हे मूल कोणाच्या वर्गातले? कोल्हापूरच्या प्राथमिक शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर,
मा. प्रशासनाधिकारी, प्राथमिक शिक्षण समिती, कोल्हापूर महानगरपालिका,
आणि जिल्ह्यातील सर्व मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांस,

विषय : ऑटिझम असलेल्या मुलांना प्राथमिक वर्गात मिळणारे साहाय्य

स.न.वि.वि.

जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी हे पत्र आपल्या हाती पडावे, असा माझा प्रयत्न आहे. एकदा प्रवेशोत्सव, पाठ्यपुस्तकांचे वाटप आणि ऑनलाइन माहिती भरण्याची घाई सुरू झाली की ज्या मुलांसाठी आधीपासून तयारी करावी लागते, त्यांच्याकडे पाहायला कोणालाच उसंत राहत नाही. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिक्षिका म्हणून आणि नोकरीची अखेरची वर्षे करवीर तालुक्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची पर्यवेक्षक, म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. माझ्या नातवाला ऑटिझम आहे, म्हणजे ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो ती अवस्था आहे. त्यामुळे शिक्षकाच्या टेबलामागून हा प्रश्न कसा दिसतो हे मला ठाऊक आहे, आणि शाळेच्या फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या पालकाला तो कसा दिसतो हेही आता समजू लागले आहे.

मला मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. ऑटिझम असलेल्या मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या वर्गशिक्षकाची असते. आपल्या व्यवस्थेत मात्र असे मूल लक्षात आले की ‘ते समावेशित शिक्षणवाल्यांचे’, म्हणजे दिव्यांग मुलांसाठी नेमलेल्या विशेष शिक्षकांचे, असा शेरा तोंडी का होईना पण बसतो, आणि मग विशेष शिक्षक शाळेत येतील त्या दिवसाची वाट पाहत ते मूल उरलेले सारे दिवस वर्गात नुसते बसून काढते. विशेष शिक्षकांना मी दोष देत नाही; त्यांच्याकडे अनेक शाळा असतात आणि तालुक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरण्यातच त्यांचा बराच वेळ जातो. परंतु परिपाठाच्या वेळी कर्णा सुरू झाला आणि मूल कान झाकून भिंतीकडे पळाले, तर त्या क्षणी तिथे असतात त्या वर्गाच्या बाई किंवा गुरुजी. त्यांना काय करायचे हे माहीत असेल, तसे करण्याची मोकळीक असेल आणि त्यासाठी त्यांना कोणी जाब विचारणार नसेल, तर त्या मुलाचा दिवस वाचतो.

‘आमच्या शाळेत असे मूल नाही,’ हे वाक्य मी केंद्रप्रमुख असताना पुष्कळ वेळा ऐकले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात साधारण १२७ व्यक्तींमागे एकाला ऑटिझम असतो. हा जगाचा सरासरी आकडा आहे आणि तो प्रत्येक गावाला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. तरीही अडीचशे पटाच्या शाळेत असे एक-दोन विद्यार्थी असण्याची शक्यता मोठी आहे. ते दिसत नाहीत, कारण त्यांतल्या काहींना आपण ‘हट्टी’ म्हणतो, काहींना ‘लाडावलेला’ म्हणतो आणि काहींच्या बाबतीत काहीच म्हणत नाही. या शेवटच्या गटात मुली अधिक असतात. मागच्या बाकावर खाली मान घालून बसणारी, वही स्वच्छ ठेवणारी, प्रश्न विचारला की गप्प राहणारी आणि सुट्टीत एकटीच व्हरांड्यातल्या फरश्या मोजत चालणारी मुलगी ‘शांत, गुणी’ म्हणून प्रगतिपुस्तकावर नोंदली जाते. दिवसभर इतर मुलींची नक्कल करून ती शाळा निभावून नेते आणि घरी पोहोचल्यावर कोसळते. मग घरचे म्हणतात की शाळेत तर नीट वागते, घरीच नाटके करते. अशा मुलीला ओळखण्यासाठी दर्जेदार चाचणीच्या आधी एक सावध वर्गशिक्षक लागतो.

ओळखण्याची साधने आता उपलब्ध आहेत. एनसीईआरटी या केंद्रीय शिक्षण संस्थेच्या ‘प्रशस्त’ ॲपमध्ये पहिल्या टप्प्यातील निरीक्षण वर्गशिक्षकानेच करायचे असते आणि पुढचा टप्पा विशेष शिक्षकाकडे जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीसाठी येते. ही दोन्ही साधने चांगली आहेत, पण ती ‘माहिती भरून द्या’ या सदरात गेली की त्यांचा प्राण जातो. एका दुपारी साऱ्या वर्गाच्या याद्या भरून मोकळे झाल्यावर निरीक्षण झाले असे म्हणता येत नाही. शिक्षकाने निदान करू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. ‘तुमच्या मुलाला ऑटिझम आहे’ असे वर्गाच्या दारात उभे राहून आईला सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ‘हाक मारली की तो बघत नाही, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो, रांगेत कोणाचा धक्का लागला की घाबराघुबरा होतो, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊया’ असे सांगणे हे मात्र त्याचेच काम आहे, आणि ते दुसरे कोणी करणार नाही.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करते. अनेक शाळांत पालकांना ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग सवलतींचे पाहू’ असे सांगितले जाते. शासनाच्या योजना, ओळखपत्र, भत्ते यांसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते हे खरे, आणि पालकांनी ते काढून घ्यावे. पण मुलाला पंख्याच्या घरघरीखालून उठवून दुसऱ्या जागी बसवायला, त्याला सूचना चित्राने द्यायला किंवा उत्तर देण्यासाठी थोडा अधिक वेळ द्यायला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही. हे चांगल्या शिकवण्यातच मोडते आणि त्यासाठी वरून पत्र येण्याची वाट पाहू नये.

आता वर्गाविषयी सांगते, कारण खरा प्रश्न तिथेच सुटतो किंवा अडतो.

या मुलांना वर्गात सर्वांत जड जाते ते पुढे काय होणार हे ठाऊक नसणे. आपल्या शाळांचे वेळापत्रक भिंतीवर असते, पण प्रत्यक्षात बाई बैठकीला गेल्या म्हणून दोन वर्ग एकत्र, पाहुणे आले म्हणून गणिताचा तास बंद, पाऊस आला म्हणून खेळ रद्द, असे रोज काहीतरी होत असते. इतर मुलांना त्यात मजा वाटते. या मुलाच्या पायाखालची जमीन सरकते. करवीर तालुक्यातील एका शाळेत दुसरीच्या वर्गाच्या बाईंनी यावर जे केले होते, ते मी जवळून पाहिले आहे. त्यांनी पुठ्ठ्याची हातभर लांब पट्टी करून तिच्यावर परिपाठ, मराठी, छोटी सुट्टी, गणित, जेवण, खेळ आणि घर अशी सात चित्रे काढघाल करता येतील अशी चिकटवली होती. प्रत्येक तास संपला की तो मुलगा उठून त्या तासाचे चित्र काढी आणि चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकी. चित्र डब्यात पडल्याशिवाय त्याच्या लेखी तास संपत नसे, आणि एकदा पडले की तो पुढच्या तासाला तयार असे. आरोग्य तपासणीचे पथक यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशीच बाईंनी डॉक्टरांच्या नळीचे चित्र पट्टीवर लावून त्याला दाखवून ठेवले. नेमके त्या दिवशी पथक आले नाही. बाईंनी त्याच्या देखत चित्रावर लाल फुली मारली आणि शेजारी गोष्टीच्या पुस्तकाचे चित्र लावले. मुलगा कुरकुरला, बराच वेळ त्या फुलीवरून बोट फिरवत बसला, पण वर्ग सोडून पळाला नाही. या साऱ्याला खर्च काही आला नव्हता. महिन्याभरात वर्गातील बाकीची मुलेही ‘बाई, पट्टीवर आता काय आहे?’ असे विचारू लागली होती, आणि माझ्या मते पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गात अशी पट्टी असायला हरकत नाही, मग त्या वर्गात ऑटिझम असलेले मूल असो वा नसो.

दुसरी बाब आवाजाची, उजेडाची, वासाची आणि स्पर्शाची. ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत ज्ञानेंद्रियांच्या संवेदनशीलतेचा समावेश २०१३ पासून स्पष्टपणे केलेला आहे, तरीही आपल्याकडे ‘एवढ्याशा आवाजाला काय घाबरायचे’ हेच ऐकू येते. जुलैतल्या कोल्हापुरी पावसात पत्र्याच्या छताखाली बसून पाहावे. मोठ्या माणसालाही शेजारच्याचे बोलणे कळत नाही, आणि या मुलाच्या कानावर तर तो आवाज आदळत असतो. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि २६ जूनला शाहू जयंतीची फेरी असते, म्हणजे पहिलीत नव्याने आलेल्या या मुलाला बाकाची सवय होते न होते तोच लेझीम, ढोल आणि घोषणांना सामोरे जावे लागते. फेरी बंद करा असे मी म्हणत नाही. आमच्या गावाला ते शोभणारही नाही. त्या मुलाला आदल्या दिवशी ढोल पाहू द्यावा, हवे तर एकदा हळूच वाजवू द्यावा, फेरीत कडेला एका ओळखीच्या शिक्षकाबरोबर चालू द्यावे, आणि नको असेल तर शाळेत थांबू द्यावे, इतकेच. कानावर हात ठेवणाऱ्या मुलाचे हात खाली ओढू नयेत. पोषण आहाराच्या वेळी ज्या मुलाला भातात आमटी कालवलेली चालत नाही, त्याला दोन्ही वेगवेगळे वाढण्यास स्वयंपाकी मावशींना सांगावे. पुष्कळदा त्यांनीच ते शिक्षकांच्या आधी ओळखलेले असते. वर्गाच्या एका कोपऱ्यात कपाटाच्या आडोशाला सतरंजीचा तुकडा अंथरून मुलाला वाटेल तेव्हा जाऊन बसता येईल अशी जागा ठेवावी. ती जागा शिक्षेची नाही हे साऱ्या वर्गाला माहीत असले पाहिजे, नाहीतर चार दिवसांत ती शिक्षेची होते.

भाषेच्या बाबतीत आपण शिक्षक फार बोलतो, आणि जे बोलतो त्यातले निम्मे वाक्प्रचार असतात. ‘वहीत डोकं घाल’ म्हटल्यावर एका मुलाने कपाळ खरोखर वहीवर टेकवले होते आणि वर्ग हसला होता. मुलाने सांगितले तेच केले होते. अशा मुलाला ‘वही उघड. पान बारा. पहिले उदाहरण लिही,’ अशी छोटी, सरळ वाक्ये द्यावीत, आणि एक वाक्य बोलल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. त्याने लगेच काही केले नाही म्हणून तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगू नये, कारण त्याच्यासाठी ती नवी सूचना होते आणि आधीची अर्धी समजलेली सूचना हातची जाते. ‘माझ्याकडे बघ’ हा आग्रहही सोडावा. काही मुलांना नजर भिडवून ऐकणे जमत नाही; खिडकीकडे बघत असताना ती नीट ऐकत असतात, हे प्रश्न विचारून पडताळता येते.

माझा नातू के.एम.टी.च्या, म्हणजे महापालिकेच्या, बसने जातो-येतो. कंडक्टरचे ‘पुढं सरका, पुढं सरका’ त्याने उचलले आहे आणि ते तो शाळेतही म्हणे. सुरुवातीला ती बडबड समजून त्याला गप्प केले जात असे. पुढे त्याच्या वर्गशिक्षिकेच्या ध्यानात आले की रांगेत मुले फार खेटून उभी राहिली की तो हे म्हणतो. म्हणजे ‘मला जागा द्या’ हे सांगण्यासाठी त्याच्यापाशी असलेले एकमेव वाक्य तो बरोबर ठिकाणी वापरत होता. त्यांनी त्याला रांगेच्या शेवटी उभे केले आणि ‘मला जागा हवी’ हे वाक्य शिकवले. ऐकलेली वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणणारी मुले पुष्कळदा असाच काहीतरी निरोप देत असतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांना चित्रांनी, हावभावांनी किंवा टॅबवर बोट ठेवून सांगू द्यावे. चित्रे दिली तर मूल बोलायचे थांबेल, ही भीती पालकांनाही असते आणि शिक्षकांनाही. ती निराधार आहे. सांगण्याचा एक मार्ग मिळाला की मुलाची घुसमट कमी होते, आणि काही मुलांच्या बाबतीत बोलणेही त्यामागून येते.

मूल जमिनीवर लोळते, किंचाळते, स्वतःला मारून घेते तेव्हा वर्गशिक्षकाची सर्वांत मोठी परीक्षा होते. हट्ट आणि हा उद्रेक बाहेरून सारखे दिसतात. हट्ट करणारे मूल अधूनमधून समोरच्याकडे बघते आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबते. उद्रेकातल्या मुलाला काही दिले तरी थांबता येत नाही, कारण ते त्याच्या हातातच राहिलेले नसते. त्या वेळी समजावणे, दटावणे, धरून ठेवणे यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. भोवतालची मुले दूर करावीत, टोकदार वस्तू उचलाव्यात, आवाज कमी करावा आणि जवळ, पण हाताच्या अंतरावर, गप्प थांबावे. नंतर ‘असे का केलेस’ म्हणून विचारू नये. त्याऐवजी त्याआधी पंधरा-वीस मिनिटांत काय घडले होते, ते शिक्षकाने वहीत लिहून ठेवावे: घंटा वाजली का, जागा बदलली का, नवे कोणी आले का, भूक लागली होती का. चार-सहा नोंदी झाल्या की कारण बहुधा आपोआप समोर येते. या प्रसंगी मुलावर हात उगारणे किंवा त्याला वर्गासमोर लाजवणे हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मनाई असलेला प्रकार आहे, हे सांगण्याची वेळ येऊ नये. पण ती येते.

वर्गातल्या इतर मुलांविषयी फार लिहीत नाही, कारण माझ्या अनुभवात ती मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात, फक्त त्यांना मोकळेपणाने सांगितले पाहिजे. एकाच समजूतदार मुलीला वर्षभर त्याची राखणदार करून टाकण्याची पद्धत मात्र बंद व्हावी. ती मुलगीही शिकायलाच आलेली असते.

आता शाळेच्या फाटकाकडे येते. माझ्या सुनेला नातवाच्या पहिल्या शाळेतून, जिचे नाव मी इथे घेत नाही, जवळजवळ रोज अकरा-साडेअकराला फोन येत असे की ‘आज त्याचे काही खरे नाही, घेऊन जा.’ ती घेऊन जात असे. हजेरीपटावर मात्र तो पूर्ण दिवस उपस्थित असे. जिल्ह्यातील इतर पालकांशी बोलल्यावर कळले की हे एकट्या आमच्याच घरचे दुखणे नव्हते. कुठे ‘अर्धा दिवसच पाठवा’ अशी तोंडी अट असते. कुठे आईने रोज वर्गाबाहेर बसून राहावे अशी अपेक्षा असते, म्हणजे तिची रोजगाराची वाट बंद. काही खासगी शाळांत मुलासोबत बसणारा मदतनीस पालकांनीच स्वखर्चाने आणावा लागतो. यांतले काहीच कागदावर नसते, म्हणून त्याविरुद्ध तक्रार करणेही अवघड जाते. कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण रोज दुपारच्या आत घरी पाठवलेले मूल काढून टाकलेले नसले, तरी शिकतही नसते. गृहाधारित शिक्षणाचेही तसेच. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी तो पर्याय कायद्याने दिला आहे आणि तो निवडण्याचा हक्क त्या मुलाचा आहे. चालत शाळेत येऊ शकणाऱ्या, यायची इच्छा असलेल्या मुलाचे नाव त्या यादीत घालून शाळेने सुटका करून घेणे हा त्या तरतुदीचा गैरवापर आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात नोंदलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. त्याच्या कलम १६ नुसार शासकीय, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करायची आणि त्याला आवश्यक ते वैयक्तिक साहाय्य द्यायचे आहे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत बदल करून पहिली ते पाचवीसाठी दर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. ते प्रत्यक्षात यावे यासाठी आपण वर पाठपुरावा करावा, ही विनंती आहेच. परंतु ती पदे भरेपर्यंत वर्गातले मूल थांबू शकत नाही, आणि पदे भरल्यावरही परिपाठाच्या वेळी तिथे वर्गशिक्षकच असणार आहेत.

कोल्हापुरात हे सांगताना एक गोष्ट मनात येतेच. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याची आज्ञा दिली. तेव्हा दंड पालकाला होता, कारण शाळा दार उघडून बसली होती. आज पालक मुलाचा हात धरून दारात उभा आहे आणि अडचण आतल्या बाजूला आहे. अशा वेळी दंड कोणाला करायचा, याचा विचार जयंतीच्या भाषणांतही व्हायला हरकत नाही.

शिक्षकांची बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मी विसरलेली नाही. चाळीस मुलांचा वर्ग, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, रोजचे ऑनलाइन अहवाल, आणि डी.एड.च्या अभ्यासक्रमात या विषयाला वाट्याला आलेली चार पाने, एवढ्या शिदोरीवर आपण त्यांच्याकडून अपेक्षा करतो. दोन-शिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना आणखी एक काम सांगताना संकोच वाटतो. तरीही एक नोंद करते की गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड भागातील कमी पटाच्या शाळांत ऑटिझम असलेली काही मुले शहरातल्या नावाजलेल्या शाळांपेक्षा अधिक सुखाने शिकताना मी पाहिली आहेत, कारण तिथे गोंगाट कमी, माणसे मोजकी आणि ओळखीची, आणि दिवस संथ असतो. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विषय जेव्हा निघेल, तेव्हा ही बाजूही कोणीतरी टेबलावर मांडावी.

आपल्याकडून मला जे हवे आहे ते फार खर्चाचे नाही. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत या विषयावर भाषण ठेवण्याऐवजी ज्या वर्गात असे मूल चांगले रुळले आहे तिथल्या शिक्षकाने आपली पट्टी, आपली नोंदवही आणि आपल्या अडचणी इतर शिक्षकांना दाखवाव्यात. दोन तासांच्या स्लाइडपेक्षा शिक्षक त्यातून अधिक घेऊन जातील. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक यांना महिन्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसता येईल अशी वेळ मुख्याध्यापकांनी अधिकृतपणे काढून द्यावी, म्हणजे ते बोलणे दारात उभ्याउभ्या होणार नाही. आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनात लेखनाऐवजी तोंडी, बोट दाखवून किंवा वस्तू मांडून दिलेले उत्तर ग्राह्य आहे, हे शाळांना लेखी कळवावे. पद्धतीत ती लवचीकता आधीपासून आहे, पण लेखी असल्याशिवाय शिक्षक तिला हात लावायला धजत नाहीत.

याहून महत्त्वाची मागणी बदल्यांच्या संदर्भात आहे. उन्हाळ्यात शिक्षकांच्या बदल्या होतात आणि त्या मुलाविषयी वर्षभरात जे कळलेले असते ते सारे त्या शिक्षकाबरोबर दुसऱ्या तालुक्यात निघून जाते. जूनमध्ये नव्या बाई शून्यापासून सुरुवात करतात आणि मूलही. म्हणून ऑटिझम असलेल्या प्रत्येक मुलाचे एक पान शाळेत राहावे: त्याला काय आवडते, कशाने त्रास होतो, त्रास झाल्यावर कशाने शांत होतो, तो आपली गरज कशी सांगतो, कोणत्या विषयात कुठवर आला आहे. वर्गशिक्षकाने हे पान पालकांसह लिहावे, कार्यमुक्त होण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडे सोपवावे आणि नव्या शिक्षकाने ते शाळेच्या पहिल्या दिवसाआधी वाचावे. शक्य असेल तिथे शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी मुलाला रिकाम्या वर्गात नेऊन त्याची जागा, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह आणि नव्या बाई दाखवाव्यात.

आणि शेवटी, हजेरीपट. जे मूल शाळा सुटण्यापूर्वी घरी पाठवले जाते, त्याची वेळ, कारण आणि पाठवण्याचा निर्णय कोणी घेतला याची नोंद करणारा एक रकाना येत्या जूनपासून सर्व प्राथमिक शाळांत सुरू करावा, आणि केंद्रप्रमुखांनी दर महिन्याला तो तपासून एकाच मुलाचे नाव वारंवार दिसल्यास त्या शाळेत जाऊन वर्गात बसावे. या रकान्याचा आणि वर उल्लेखिलेल्या पानाचा नमुना मी तयार केला आहे. आपण वेळ दिल्यास तो घेऊन मी आपल्या कार्यालयात येईन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख,
कोल्हापूर